हॅलोवीननंतरची झाडलोट



आजच्या भाषणासाठीं मीं निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं वडीलधाऱ्या मंडळींना किंचित् नवल वाटेल. हॅलोवीन हा सण आपला नव्हे, आणि सण झाल्यावर घर कसें झाडावें हा व्याख्यानाचा विषय होऊं शकेल, असेंहि प्रथमदर्शनीं वाटत नाहीं. परंतु आज पुण्या-मुंबईच्या किती सुशिक्षित घरांतील मुलगा अथवा मुलगी अमेरिकेंत संसार थाटून आहे, याचा विचार केला म्हणजे हा विषय तितकासा परका उरत नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या घरांत मेजवानी होते, पंधरा-वीस मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन धुमाकूळ घालतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरतें तें एक विद्रूप झालेलें घर व त्याच्याकडे पाहत उभी असलेली गृहिणी. तिच्या मदतीला पुष्कळदां इकडून गेलेले आईबाप असतात. त्यांचा उत्साह दांडगा असतो. परंतु उत्साहाच्या जोडीला त्या घराची माहिती नसेल, तर साफसफाईनें झालेली हानि मेजवानीनें झालेल्या हानीहून अधिक भरते.

सणाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों, कारण मागें राहणाऱ्या कचऱ्याचें स्वरूप तिच्यावरूनच कळतें. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती पंचांगांतील सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, आदली रात्र. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. गोव्यांत व वसईकडे ख्रिस्ती कुटुंबें त्या दिवशीं आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें वाहतात, मेणबत्त्या लावतात. आयर्लंडांत याच सुमारास, पिकें घरांत येऊन हिंवाळा लागतांना, साविन नांवाचा एक प्राचीन सण होत असे, आणि त्या रात्रीं मृतात्मे फिरावयास निघतात अशी लोकांची समजूत होती. आयरिश लोक सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. १८४५ पासून तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला, लाखों माणसें देश सोडून अमेरिकेंत गेलीं, आणि त्यांच्या गांठोड्यांतून हा सणहि गेला. तेथें त्यांना सलगमाहून मोठा व कोरावयास सोपा असा तांबडा भोंपळा सांपडला. मूळचा भक्तिभाव आतां फारसा उरलेला नाहीं. मेणबत्ती, भोंपळा आणि खाऊ मात्र उरला आहे, आणि त्यांत आपल्या काळानें प्लॅस्टिकच्या कोळिष्टकांची, चमकीची व खोट्या रक्ताची भर घातली आहे.

आतां ज्या घरांत हें सारें घडतें त्या घराकडे वळूं. आपली जमीन शहाबादी फरशीची, टाइलची, जुन्या घरांत कोब्याची. तिच्यावर कांहींहि सांडो. बादलीभर पाणी ओतावें, खराट्यानें लोटावें, मोरीवाटे सर्व घाण घराबाहेर जाते. अमेरिकेंतील बहुतेक घरांच्या स्वयंपाकघराला मोरी नसते, आणि न्हाणीघरांतहि टबाबाहेरच्या जमिनीवर सांडलेलें पाणी जावयास बहुधा वाट नसते. घराचा सांगाडा पुष्कळ ठिकाणीं लांकडी, भिंती जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या, आणि बसावयाच्या व निजावयाच्या खोल्यांतून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून पक्का बसविलेला गालिचा. गालिच्याखालीं गादीसारखा एक मऊ थर, आणि त्याखालीं फळ्या. अशा जमिनीवर पाणी ओतलें तर तें वरून दिसेनासें होतें खरें, परंतु तें कोठें गेलेलें नसतें. तें त्या मऊ थरांत मुरून बसतें, आणि एक-दोन दिवसांत वाळलें नाहीं तर तेथें बुरशी धरते. डाग निघाला म्हणून समाधान मानावें, तों आठवड्यानें खोलीला कुबट वास येऊं लागतो, आणि मग गालिचा उचकटून काढल्याशिवाय गत्यंतर नसतें.

घर भाड्याचें असेल तर गोष्ट याहून गंभीर होते. घर घेतांना मालकाकडे अनामत रक्कम ठेवावी लागते. घर सोडतांना रोजच्या वापरानें झालेल्या झिजेबद्दल मालकानें त्यांतून कांहीं कापून घेऊं नये असा तेथील सामान्य नियम आहे. परंतु लाल डाग, जळल्याची खूण, सोललेला रंग यांना कोणी झीज म्हणत नाहीं. नव्यानेंच संसार मांडलेल्या जोडप्याची ती रक्कम बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. तेव्हां तेथील पहिला नियम असा कीं, ओतूं नये, टिपावें. आणि घासूं नये, दाबावें. पांढरें सुती फडकें किंचित् भिजवून डागाच्या कडेपासून मध्याकडे दाबीत यावें. मध्यापासून कडेकडे गेलें म्हणजे रुपयाएवढा डाग थाळीएवढा होतो. फडकें पांढरेंच कां, तर रंगीत फडक्याचा रंग गालिच्याला लागूं नये म्हणून, आणि डाग खरोखर उतरत आहे कीं नाहीं हें डोळ्यांना दिसावें म्हणूनहि.

सर्व काम सकाळवर टाकूं नये. कांहीं कामें त्या रात्रींच झालीं पाहिजेत, आणि तीं स्वच्छतेचीं नसून जिवाचीं आहेत. पाहुण्यांनीं पाठ फिरविल्यावर सर्वांत आधीं घरांतील व ओसरीवरील प्रत्येक भोंपळ्यांत डोकावून मेणबत्ती विझली आहे याची खात्री करावी; शोभेचीं कोळिष्टकें म्हणजे पॉलिएस्टरचे तंतु, ते ज्योतीला लागले तर वितळून पेट घेतात. हल्लीं पुष्कळ घरांत खऱ्या मेणबत्तीऐवजीं विजेचे छोटे दिवे वापरतात. आगीच्या दृष्टीनें तें उत्तम. परंतु त्यांपैकीं पुष्कळांत शर्टाच्या बटनाएवढी चपटी बॅटरी असते. दिवा पायाखालीं फुटला, बॅटरी बाहेर पडली आणि रांगत्या मुलानें ती तोंडांत घालून गिळली, तर अन्ननलिकेंत अडकलेल्या बॅटरीनें दोन तासांच्या आंत आंतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊं शकते. २०२२ सालीं अमेरिकेंत अशा बॅटऱ्यांच्या झांकणांविषयीं स्वतंत्र कायदा करावा लागला तो याचसाठीं. म्हणून दिवे लावतांना मोजावे आणि काढतांना पुनः मोजावे. संख्या जुळली नाहीं, तर ती जुळेपर्यंत निजूं नये. आणि मुलानें गिळल्याचा नुसता संशय आला, तरी सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

घरांत कुत्रा असल्यास चॉकोलेटेंहि रात्रींच उचलावींत. कोकोमध्यें थिओब्रोमाइन नांवाचें द्रव्य असतें. माणसाचें शरीर त्याचा निचरा लौकर करतें, कुत्र्याचें फार मंद गतीनें, आणि त्यामुळें आपल्याला गोड लागणारा खाऊ त्याला विष होतो; चॉकोलेट जितकें काळें, तितकें तें अधिक घातक. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या व च्युइंगम कुत्र्याला याहूनहि वाईट.

मेजवानींत धुकें निघण्यासाठीं कोरडा बर्फ वापरला असेल, तर त्याच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा पाण्याचा बर्फ नव्हे. हा गोठविलेला कार्बन डायॉक्साइड वायु, आणि याचें तपमान शून्याखालीं सुमारें ७८ अंश. हा वितळून पाणी होत नाहीं, सरळ वायु होऊन उडतो, आणि उडतांना मूळच्या आकाराच्या शेंकडों पट जागा व्यापतो. उरलेला तुकडा झांकणाच्या बरणींत ठेवला तर बरणी फुटते. स्वयंपाकघरांतील कुंडींत टाकला तर थंडीनें नळ तडकतो. बंद खोलींत राहिला तर तेथें निजलेल्यांचा श्वास कोंडतो. जाड हातमोजे घालून तो उघड्या हवेंत, मुलांचा व जनावरांचा हात-पाय पोंचणार नाहीं अशा जागीं नेऊन ठेवावा, आणि आपोआप उडून जाऊं द्यावा. कांहीं न करण्यानें जें निर्विघ्न पार पडतें असें घरकामांत हें बहुधा एकच उदाहरण असावें.

सकाळ झाली म्हणजे डागांचा विचार. येथें आपल्या पिढीचा एक दृढ ग्रह आड येतो. ऊन पाण्यानें सर्व कांहीं निघतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेलकट पातेल्याविषयीं तें खरें आहे. अंड्याविषयीं तें अगदीं उलट आहे.

अंड्याचा डाग कोठून आला, असें आपण विचाराल. त्या रात्रीं वाढत्या वयाचीं द्वाड मुलें एखाद्याच्या दारावर, भिंतीवर किंवा मोटारीवर अंडीं फेंकतात. हा तेथील जुना उपद्रव आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागांत पाणी आणि अल्ब्युमिन जातीचीं प्रथिनें असतात. कच्च्या अंड्यांत प्रथिनाचे धागे आपापले गुंडाळलेले असतात, म्हणून तें पातळ व पारदर्शक दिसतें. उष्णता सुमारें ६० अंशांवर गेली कीं हे धागे उलगडूं लागतात आणि एकमेकांत गुंततात. मग पुनः थंड केलें तरी ते सुटत नाहींत. उकडलेलें अंडें निवल्यावर पुनः कच्चें होत नाहीं, हें कोणत्याहि मुलाला ठाऊक आहे. परंतु दारावर कढत पाणी ओततांना आपण त्या दारावर अंडें शिजवीत आहों, हें मोठ्यांच्या ध्यानीं येत नाहीं. न्यू जर्सींत माझ्या कन्येच्या शेजारीं राहणाऱ्या एका सद्गृहस्थांनीं नेमकें हेंच केलें. लांकडाच्या शिरांत अंडें असें कांहीं बसलें कीं, वसंत ऋतूंत दाराला नवा रंग द्यावा लागला. योग्य रीत अशी. प्रथम कवचाचे तुकडे हातानें उचलावे, कारण ते घासले गेल्यास मोटारीच्या रंगावर चरे पडतात. नंतर साध्या गार किंवा अगदीं कोमट पाण्यांत भांडीं घासण्याचा साबण मिसळून त्यानें डाग भिजवीत ठेवावा, आणि मऊ झाल्यावर पुसावा. हें जितकें लौकर होईल तितकें बरें; मोटारीवर उन्हांत वाळलेलें अंडें रंगाचा तजेला घेऊनच निघतें.

रक्ताचें शास्त्र हेंच. भोंपळा कोरतांना कोणाचें तरी बोट कापतेंच, आणि तें रक्त खरें असतें. त्यांतहि प्रथिनें आहेत, म्हणून त्याला गार पाणी. परंतु सोंगांवरचें रक्त खोटें. घरीं केलेलें असल्यास तो बहुधा मक्याच्या साखरेचा पाक आणि खाण्याचा लाल रंग असतो. साखर पाण्यानें सुटते, प्रश्न रंगाचा. तो तंतूंत शिरलेला असतो, आणि उष्णतेनें तेथें पक्का होतो. म्हणून येथेंहि प्रथम गार पाणी, मग साबणाचें पाणी, आणि वस्त्र पांढरें सुती असल्यास औषधांच्या दुकानांत तपकिरी बाटलींत मिळणारें तीन टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड. हें द्रव्य डागाच्या रंगाबरोबर कापडाचाहि रंग उडवूं शकतें, तेव्हां आधीं शिवणीच्या आंतल्या बाजूस एक थेंब टाकून पाहावा. रेशमावर व लोकरीवर तें लावूंच नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, डाग पूर्ण गेला असें दिसल्याशिवाय तें वस्त्र कपडे वाळविण्याच्या यंत्रांत घालूं नये. आपण कपडे दोरीवर वाळवितों, त्यामुळें राहिलेला डाग दुसऱ्या धुण्यांत काढण्याची संधि आपल्याला असते. तेथील यंत्राच्या उष्णतेंत एकदां गेलेला डाग सहसा परत निघत नाहीं.

मेणाची प्रकृति याच्या विरुद्ध आहे. मेणबत्तीचें मेण साधारणतः ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतें, आणि पाण्यांत तें मिसळतच नाहीं. त्याला आधीं थंडी व मग उष्णता असे दोन्ही उपाय क्रमानें करावे लागतात. बर्फाचा खडा पिशवींत घालून मेणावर धरावा. तें ठिसूळ झालें कीं बोथट सुरीनें किंवा चमच्याच्या कडेनें खपल्या काढाव्यात. जें तंतूंत उरेल त्यावर टीपकागद अथवा खाकी कागद ठेवून वरून मंद तापलेली इस्त्री क्षणभर टेकवावी. मेण वितळून कागदांत चढतें. कागद बदलीत राहावें. गालिचा कृत्रिम धाग्याचा असतो, म्हणून इस्त्री जास्त तापूं देऊं नये, नाहीं तर मेणाबरोबर गालिचाहि वितळेल. आणि मेणबत्तीच्या पात्रांतलें मेण ऊन पाण्यानें पातळ करून नळांत सोडण्याचा मोह आवरावा. तें दोन हात पुढें जाऊन गार होतें आणि तेथेंच घट्ट बसतें.

चिकट वस्तूंत दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत होतां कामा नये. चोखून टाकलेली साखरेची गोळी गालिच्याला चिकटली असेल, तर ओलें कोमट फडकें तिच्यावर ठेवावें; साखर विरघळते. च्युइंगम कोमट फडक्यानें अधिकच पसरतें, कारण तें पाण्यांत न विरघळणारें रबरासारखें द्रव्य आहे. त्याला मेणाप्रमाणें बर्फानें कठीण करून सोलून काढावें. चॉकोलेटांत मात्र चार जणांचा संसार आहे: स्निग्ध पदार्थ, साखर, दूध आणि कोकोचा तपकिरी रंग. कोकोचें लोणी सुमारें ३४ अंशांवर, म्हणजे माणसाच्या हाताच्या उबेनेंहि, वितळूं लागतें. म्हणून बोटानें पुसूं गेल्यास डाग आंत शिरतो. तें गार करून खरवडावें, आणि मग साबणाचें गार पाणी वापरावें. तोंडाला लावलेला रंग उशांवर व सोफ्यावर उतरला असल्यास तो बहुधा तेलकट असतो, आणि त्यालाहि साबणच लागतो.

येथें एका लोकप्रिय उपायाविषयीं माझें मत सांगून टाकतों. खाण्याचा सोडा आणि शिरका एकत्र केले म्हणजे जो फेंस येतो, तो पाहून लोकांना वाटतें कीं डागावर कांहीं तरी मोठा पराक्रम चालला आहे. वस्तुतः एक अल्कधर्मी आणि एक आम्ल यांनीं परस्परांस निकामी केलें, इतकाच त्याचा अर्थ. वायु उडून जातो आणि उरतें तें थोडें खारट पाणी. सोडा वेगळा वापरावा, दुर्गंधासाठीं. शिरका वेगळा वापरावा, क्षारांच्या डागांसाठीं. दोहोंचें लग्न लावून दोघांचीहि शक्ति वायां घालविण्यांत शहाणपणा नाहीं.

हें मिश्रण निरुपयोगी असलें तरी निरुपद्रवी आहे. दुसरीं दोन तशीं नाहींत. तेथील न्हाणीघराच्या कपाटांत ब्लीचची बाटली असते. हें सोडियम हायपोक्लोराइटचें द्रावण. त्याच कपाटांत कांचा पुसण्याचें एखादें औषध असतें, आणि त्यांपैकीं कांहींत अमोनिया असतो. स्वयंपाकघरांत शिरका असतोच. भिंतीवरचा लाल डाग ब्लीचनें गेला नाहीं म्हणून त्यावर कोणी शिरका ओतला, तर आम्लामुळें त्यांतून क्लोरिन वायु सुटतो. अमोनिया असलेलें औषध मिसळलें, तर क्लोरामाइन नांवाचे विषारी वायु निघतात. क्लोरिन म्हणजे काय, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको: २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूच्या खंदकांवर जो वायु सोडला, तो हाच. न्हाणीघर लहान, थंडीमुळें खिडकी बंद, आणि आंत गुडघे टेकून घासणारी बाई. अशा ठिकाणीं डोळ्यांची आग, छातींत कळ व श्वास अडकणें हें सर्व कांहीं क्षणांत होऊं शकतें. तसें कांहीं जाणवल्यास नाक दाबून काम पुरें करण्याचा हट्ट धरूं नये. तत्काळ उघड्या हवेंत जावें, इतरांस बाहेर काढावें, आणि श्वासाचा त्रास थांबला नाहीं तर मदत बोलवावी. ब्लीच वापरावयाचें तर एकटेंच वापरावें, पाणी घालून आणि खिडकी उघडून. पेरॉक्साइडाच्या बाटलींतहि शिरका मिसळूं नये. इंग्रजी लेबलें वाचण्याचा कंटाळा असणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना मीं मुद्दाम सांगत असतों कीं, एका वेळीं एकच बाटली हातीं घ्यावी.

भिंतीवर चिकटविलेल्या वटवाघुळांचीं व सांगाड्यांचीं चित्रें ओढून काढूं नयेत. रंगाचा पापुद्रा बरोबर येतो. केंस वाळविण्याच्या यंत्राची ऊन हवा थोडा वेळ सोडली म्हणजे गोंद सैल पडतो, आणि मग कोपऱ्यापासून हळूहळू सोलावें. घर जुनें असल्यास येथें आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकेंत घरगुती रंगांत शिसें घालण्यास १९७८ सालीं बंदी झाली. त्यापूर्वींच्या घरांत वरच्या रंगाखालीं शिशाच्या रंगाचे थर असूं शकतात. तेथें पापुद्रे निघाले असतां कांचकागदानें घासून भिंत गुळगुळीत करण्याचा उद्योग करूं नये. ती धूळ लहान मुलांच्या पोटांत गेल्यास त्यांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. पडलेले तुकडे ओल्या फडक्यानें टिपून घ्यावे, आणि दुरुस्ती जाणत्या माणसावर सोंपवावी.

कोळिष्टकें हातानेंच गुंडाळून काढावींत. झाडण्याच्या यंत्रानें ओढूं गेल्यास ते तंतु त्याच्या फिरत्या कुंच्याला वेढे घालून यंत्र बंद पाडतात. अंगणांतील झुडुपांवर तीं पसरलीं असतील तर त्यांना पहिला मान द्यावा, कारण त्यांत मधमाशा व लहान पक्षी गुंतून मरतात. झाडांवर कोणी कागदाच्या गुंडाळ्या फेंकल्या असतील, तर तो कागद दंव पडण्याच्या आंत, कोरडा असतांनाच लांब दांड्यानें उतरवावा. पाण्याचा फवारा मारल्यास त्याचा लगदा होऊन फांद्यांना चिकटतो. चमकीसाठीं कोरडा झाडू कुचकामाचा, ओलें फडकें किंवा चिकटपट्टी घ्यावी. ही चमकी म्हणजे प्लॅस्टिकचा चुराच होय. युरोपीय संघानें अशा सुट्या प्लॅस्टिक चमकीची विक्री ऑक्टोबर २०२३ पासून बंद केली आहे, आणि माझ्या मतें तें फार उशिरां केलें.

हें सर्व काम कोणी करावयाचें? आपल्या घरांतून पुरुषमंडळी अशा वेळीं चहाची वाट पाहत बसतात, आणि फार झालें तर रेडिओवर भाषण करतात. २०२४ सालीं ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, आणि दुसऱ्या दिवशीं लक्ष्मीपूजन. म्हणजे ज्या उंबऱ्यावर रात्रीं भोंपळा ठेवला, त्याच उंबऱ्यापुढें सकाळीं रांगोळी घालावयाची; आणि १ नोव्हेंबर हा तेथें शुक्रवार, कामाचा दिवस. त्या वर्षीं कन्येच्या घरीं कामांची वांटणी चिठ्ठ्या टाकून झाली, आणि नऊ वर्षांच्या नातवाच्या वांट्यास दिवे मोजण्याचें काम आलें. त्यानें तें जांवईबापूंच्या हिशेबाहूनहि चोख केलें. खेळणाऱ्यानें पसारा आवरावा हा नियम आम्हीं शाळेंत मुलांना शिकविला. घरीं तो पाळला जातांना दिसला म्हणजे बरें वाटतें.

शेवटीं राहतो भोंपळा. हा विषय सर्वांत मोठा, कारण वस्तूच मोठी. भोंपळ्यांत सुमारें नऊ-दशांश पाणीच असतें, आणि साल कोरून त्याचें अंग उघडें केलें कीं चार-पांच दिवसांत त्यावर बुरशी चढते. तळ आंतून आधीं कुजतो, वरून मात्र तो धडधाकट दिसतो. दोन्ही हातांनीं उचलूं गेल्यास तळ सुटून सर्व रस लांकडी ओसरीवर सांडतो, आणि तो डाग लांकडांत उतरतो. म्हणून खालीं पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा सरकवून त्यासकट उचलावा. ठेवतांनाच खालीं पुठ्ठा ठेवला असेल तर फारच उत्तम.

असा भोंपळा खावयाचा नव्हे, हें आपल्या काटकसरी मनाला पटणें जड जातें. परंतु कोरून उघड्यावर ठेवलेला, आंत मेणबत्ती जळलेला भोंपळा स्वयंपाकाला घेऊं नये. खावयाचा असतो तो कोरतांना निघालेला ताजा गर. तो त्याच वेळीं झांकून शीतपेटींत ठेवावा. कोरण्यासाठीं विकतात ती जात बेचव व पाणचट असते, तरी गूळ सढळ हातानें घातल्यास तिचे घारगे वाईट होत नाहींत, हें मी अनुभवानें सांगूं शकतों. बिया धुवून, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात.

उरलेल्या भोंपळ्याची वाट कशी लावावी, यावर तेथें अलीकडे बराच विचार होऊं लागला आहे. सामान्य कचऱ्याबरोबर तो शहराबाहेरच्या भरावांत गाडला जातो. तेथें हवा पोंचत नाहीं, आणि हवेवांचून कुजणाऱ्या वनस्पतींतून मिथेन वायु निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु पृथ्वीचें वातावरण तापविण्यांत कार्बन डायॉक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक समर्थ आहे. तोच भोंपळा हवा खेळती असलेल्या खताच्या ढिगांत घातला तर कांहीं आठवड्यांत त्याची काळी माती होते. त्याआधीं मेण खरवडून काढावें, चमकी व रंग लावलेली साल वेगळी करावी. कित्येक लोक भोंपळा टिकावा म्हणून त्याला ब्लीचच्या पाण्यांत बुडवितात. तसा भोंपळा जनावरांपुढें टाकूं नये. रानांत नेऊन फेंकण्याची चालहि बरी नव्हे, कारण त्या वासानें हरणें रस्त्याच्या कडेला येतात आणि मोटारींखालीं सांपडतात. कांहीं गांवांत नगरपालिका १ नोव्हेंबरनंतर भोंपळे वेगळे गोळा करते. कांहीं शेतकरी डुकरांसाठीं व शेळ्यांसाठीं ते मागून घेतात. पोर्टलंड शहरांतील ऑरेगन प्राणिसंग्रहालयांत तर १९९९ पासून दर वर्षीं हत्तींना प्रचंड आकाराचे भोंपळे देण्याची प्रथा आहे. हत्ती आधीं त्यावर पाय ठेवून तो फोडतो, मग सोंडेनें एकेक फोड उचलून स्वस्थपणें खातो.

घरीं खत करणाऱ्यांनीं आंतल्या बिया मात्र आठवणीनें काढाव्यात. न काढल्यास उन्हाळा लागतांच त्या ढिगांतून भोंपळ्याचे वेल वर येतात, आणि कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणांत जातात.